अरण्यातील मुक्काम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडून पाहिला, तर त्यावर ठिकठिकाणी हिरव्या रंगाने दाखविलेले लहानमोठे प्रदेश आढळतात. त्यांपैकी पुष्कळसे प्रदेश म्हणजे तेथील राष्ट्रीय वने होत. अशी १५४ वने त्या देशात आहेत. वनखात्याकडे असलेली गवताळ कुरणे त्यांत मिळविली, तर हे सारे क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर भरते. उंच पर्वत, खोल दऱ्या, शांत सरोवरे आणि शेकडो वर्षांचे वृक्ष ह्या वनांत आहेत. ही वने कोणा एकाच्या मालकीची नसून सर्व राष्ट्राची आहेत. म्हणूनच सुट्टीच्या दिवसांत लक्षावधी लोक तेथे तंबू ठोकून राहावयास जातात.

ह्या वनांतील पुष्कळ मुक्कामस्थाने अगदी साधी असतात. तेथे विजेचे दिवे नसतात, स्नानगृह नसते, दुकान नसते आणि मोबाईलही बहुधा मुका होतो. मग तेथे असते तरी काय? तंबूपुरती सपाट केलेली जागा, एक जाडजूड लाकडी मेज, त्याला जोडलेली बाके, शेकोटीसाठी जमिनीत बसविलेले लोखंडी कडे आणि जरा दूर अंतरावर शौचकूप, एवढीच तेथील संपत्ती. क्वचित एखादा हातपंप असतो. काही ठिकाणी तोही नसतो. बाकी सारे काही ज्याचे त्याने बरोबर न्यावयाचे आणि ज्याचे त्याने परत आणावयाचे असते.

घरी मीठ संपले तर शेजारी मागता येते. अरण्यात शेजार असतो तो झाडांचा. तेथे विसरलेली वस्तू म्हणजे नसलेली वस्तू. म्हणून अशा मुक्कामाचा आरंभ अरण्यात होत नाही. तो घरी, कागद आणि पेन्सिल घेऊन बसल्यावरच होतो.

ही वने राखली कशी गेली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वृक्षतोडीस सीमा राहिली नव्हती. घरे, लोहमार्ग, जहाजे, भट्ट्या, सर्वांनाच लाकूड हवे होते, आणि अरण्ये कधी संपणारच नाहीत असे लोकांस वाटत होते. पुढे डोंगर उघडे पडू लागले, नद्या गढूळ झाल्या, तोडलेल्या फांद्यांच्या ढिगांना आगी लागू लागल्या, तेव्हा विचारी माणसे जागी झाली. १८९१ साली एक कायदा झाला व त्यान्वये वने राखून ठेवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस मिळाला. १९०५ साली, थिओडोर रूझवेल्ट हे राष्ट्राध्यक्ष असताना, ह्या राखीव वनांची व्यवस्था शेतकी खात्याकडे आली आणि आजचे वनखाते अस्तित्वात आले. गिफर्ड पिन्शो हे त्याचे पहिले प्रमुख होते. वन हे केवळ कुलूप लावून ठेवण्याचे धन नव्हे. ते जपून वापरले तर पुढच्या पिढ्यांनाही पुरते, असे त्यांचे मत होते. १९६० साली झालेल्या कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले. लाकूड, गुरांची चराई, पाणी, वन्य प्राणी व मासे आणि लोकांचा विहार ही सर्वच प्रयोजने वनांनी साधावीत, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय उद्याने निराळी. ती दुसऱ्या खात्याकडे आहेत आणि तेथे सृष्टी शक्य तितकी आहे तशीच राखण्यावर भर असतो.

आता मुक्कामाची आखणी कशी करावी, हे एका कल्पित कुटुंबाच्या उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल. हे कुटुंब मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात राहते. आई, वडील, बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची दहा वर्षांची बहीण, अशी चार माणसे. त्यांनी तीन रात्री हायवाथा राष्ट्रीय वनात राहावयाचे ठरविले आहे.

हायवाथा वन मिशिगनच्या उत्तर भागात आहे. हा भाग म्हणजे एक द्वीपकल्पच आहे. राज्याच्या दोन भागांमध्ये पाण्याची एक सामुद्रधुनी आहे. तिच्यावर १९५७ साली मॅकिनॅक नावाचा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा प्रचंड पूल बांधून पुरा झाला. सुपीरिअर, मिशिगन आणि ह्युरॉन ह्या तिन्ही महासरोवरांचे किनारे ह्या एका वनाला लाभले आहेत. सुपीरिअर हे तर पृष्ठभागाच्या विस्ताराने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. किनाऱ्यावर उभे राहिले असता पैलतीर दिसत नाही आणि लाटांचा घोष समुद्रासारखाच ऐकू येतो. फार पूर्वीपासून ओजिब्वे लोक ह्या किनाऱ्यांवर मासेमारी आणि शिकार करून राहत आले आहेत. त्यांच्या भाषेत ह्या सरोवराच्या नावाचा अर्थच महासागर असा होतो.

डेट्रॉइटपासून हे ठिकाण साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. मोटारीने सबंध दिवसाचा प्रवास. म्हणून पहिला प्रश्न उभा राहिला तो काळाचा. जावयाचे केव्हा?

मुलाचे म्हणणे पडले, "बाबा, सुट्टी लागताच जूनमध्येच जाऊ या!"

वडिलांनी त्याला तेथील ऋतूंची माहिती वाचावयास दिली. मेअखेरीपासून जूनपर्यंत तेथे चावऱ्या काळ्या माशांचा सुळसुळाट असतो. त्या कमी होतात न होतात तोच डासांचे दिवस येतात. ऑगस्टच्या मध्यावर कीटक पुष्कळ कमी झालेले असतात, दिवस उबदार असतात आणि सायंकाळी पावणेनऊ-नऊपर्यंत उजेड राहतो. रात्री मात्र थंडी पडते. शाळा सुरू होण्यास तेव्हा थोडा अवधी असतो. शिवाय शनिवार-रविवारी गर्दी होते. मधल्या वारी जागा मिळण्याची शक्यता अधिक. सर्व बाजूंनी विचार होऊन ऑगस्टमधील मंगळवार ते शुक्रवार असा काळ ठरला.

दुसरा प्रश्न जागेचा. काही मुक्कामस्थानांतील जागा पैसे भरून काही महिने अगोदर राखून ठेवता येतात. काही जागा मात्र जो प्रथम येईल त्याच्या. अशा ठिकाणी प्रवेशद्वारापाशी एक फलक असतो. तेथील पाकिटात शुल्क घालून ते लोखंडी नळीत टाकावयाचे आणि जागेचा क्रमांक लिहून खांबावर अडकवावयाचा, अशी पद्धत असते. पहारेकरी समोर उभा नसला, तरी प्रामाणिकपणे शुल्क भरावे ही अपेक्षा असते. एका जागेवर किती दिवस राहावे, ह्यालाही मर्यादा असते. पुष्कळ वनांत ती चौदा दिवसांची आहे. ह्या कुटुंबाने सुपीरिअरच्या काठावरील बे फर्नेस हे मुक्कामस्थान निवडले. मुनिसिंग हे गाव तेथून जवळच आहे. आणि त्याहूनही जवळ असलेल्या वस्तीचे नाव आहे ख्रिसमस! ते ऐकताच धाकट्या मुलीला हसू आवरले नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पिणे, स्वयंपाक आणि हातपाय धुणे ह्यांसाठी माणशी दररोज निदान चार लिटर पाणी धरावे, असा साधारण हिशोब आहे. वडिलांनी हे गणित मुलीला घातले. चार माणसे, तीन दिवस आणि माणशी चार लिटर. तिने लगेच उत्तर दिले, "अठ्ठेचाळीस लिटर!" आईने त्यात परतीच्या प्रवासासाठी आणखी काही लिटर वाढविले. मुक्कामस्थानी पाण्याची सोय असली, तरी पंप नादुरुस्त असू शकतो, हे तिने ध्यानात घेतले होते. झऱ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले, तरी ते तसेच पिणे धोक्याचे असते. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. असे पाणी खळखळा उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे आणि मगच प्यावे. उंच पर्वतांवर पाणी कमी उष्णतेवर उकळते, म्हणून तेथे तीन मिनिटे उकळतात.

चौथा प्रश्न अन्नाचा. आईने प्रत्येक वेळच्या जेवणाचा तक्ता केला. लवकर नासणारे पदार्थ बर्फाच्या पेटीत ठेवून पहिल्या दिवशी संपवावयाचे. बटाटे, कांदे, डाळी, तांदूळ व सुका मेवा पुढील दिवसांसाठी. जिनसांची कागदी व प्लास्टिकची वेष्टणे तिने घरीच काढून टाकली आणि सर्व जिन्नस डब्यांत भरले. त्यायोगे ओझे कमी झाले आणि अरण्यात होणारा कचराही कमी झाला.

अन्नाचा विषय निघाला की अस्वलाचा विषय निघावयाचाच. ह्या वनात काळी अस्वले आहेत. ती सहसा माणसाच्या वाटेस जात नाहीत. परंतु त्यांचे घ्राणेंद्रिय फार तीक्ष्ण असते. तंबूत ठेवलेला बिस्किटाचा पुडा, इतकेच काय पण दात घासण्याचे मलमसुद्धा त्यांना आकर्षून घेते. म्हणून अन्न आणि वासाच्या सर्व वस्तू काचा व दारे बंद केलेल्या मोटारीत किंवा तेथील लोखंडी पेटीत ठेवाव्यात. तंबूत कधीही ठेवू नयेत. हा नियम केवळ माणसाच्या रक्षणासाठी नाही. माणसाच्या अन्नाची एकदा चटक लागली की अस्वल पुनःपुन्हा मुक्कामस्थानी येऊ लागते, त्याची भीड चेपते आणि ते धोकादायक ठरले म्हणजे पुष्कळदा त्याला ठार करावे लागते. एका निष्काळजी माणसाने उघडा टाकलेला डबा अशा रीतीने एका मुक्या प्राण्याच्या जिवावर बेततो.

पाचवा प्रश्न निवाऱ्याचा व कपड्यांचा. तंबू विकत घेतला म्हणजे तो उभारता येतो असे नाही. मुलांनी घरामागच्या अंगणात तो दोनदा उभारून पाहिला. पहिल्या खेपेस एक दांडी उलटी बसली आणि सारा तंबू त्यांच्या डोक्यावर कोसळला. दुसऱ्या खेपेस मात्र तो नीट उभा राहिला. हीच फजिती अंधारात आणि पावसात झाली असती, तर ती हसण्यावारी गेली नसती. तंबू कोठे उभारावा, हेही त्यांनी वाचून ठेवले. पाणी साचेल अशा खोलगट जागी तो उभारू नये. वर पाहावे, डोक्यावर वाळलेली फांदी लोंबत असेल तर ती जागा टाळावी. आधीपासून सपाट केलेल्या जागेवरच तंबू ठोकावा, नव्या जागेवरची रोपटी तुडवू नयेत. दिवसा ऊन असले तरी रात्रीसाठी लोकरीचे कपडे आणि उबदार स्लीपिंग बॅगा बरोबर घेतल्या. सुती कपडा एकदा भिजला की लवकर वाळत नाही आणि अंग गारठते. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते. ह्यांशिवाय विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, होकायंत्र, कागदावरचा नकाशा, बादली आणि फावडे ह्या वस्तूही यादीत चढल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी सामान मोटारीत भरणे चालू होते. घरामागे ॲश जातीचे एक झाड वाळले होते, म्हणून तोडले होते. त्याचे ओंडके रचून ठेवलेले होते. मुलगा उत्साहाने दोन मोठाल्या मोळ्या उचलून घेऊन आला.

"बाबा, सरपण विकत कशाला घ्यावयाचे? हे आपल्याकडे फुकटच आहे."

वडिलांना ते पटले आणि मोळी मोटारीत ठेवण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. इतक्यात धाकटी म्हणाली, "थांबा, बाबा! वनखात्याच्या पत्रकात सरपण दुरून आणू नका असे लिहिले आहे. का बरे लिहिले असेल?"

वडिलांनी ओंडक्याची साल सोलून पाहिली. आतल्या बाजूस नागमोडी रेघा कोरलेल्या होत्या. कोणी बोटाने गिरगटावे तशा त्या दिसत होत्या. तो एका किड्याचा पराक्रम होता. ॲश वृक्ष पोखरणारा हिरवा चकचकीत भुंगेरा मूळचा आशियातील. २००२ साली तो प्रथमच अमेरिकेत, डेट्रॉइटच्याच परिसरात आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली राहून झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थर खातात आणि काही वर्षांत झाड मरते. ह्या एवढ्याशा किड्याने तेव्हापासून कोट्यवधी ॲश वृक्षांचा संहार केला आहे. तो स्वतः उडत फार दूर जात नाही; त्याला दूरदूर पोहोचविले ते माणसांनी, मोटारीतून नेलेल्या सरपणाबरोबर.

"म्हणजे आपण ह्या मोळीतून रोगच नेत होतो!" मुलगा हळूच म्हणाला.

मोळ्या पुन्हा जागच्या जागी गेल्या. सरपण मुक्कामाच्या जवळपासच विकत घ्यावयाचे ठरले. पैसे चार अधिक लागले. पण दहा वर्षांच्या मुलीने विचारलेल्या एका प्रश्नाने कदाचित अनेक वृक्ष वाचले असतील.

निघताना आईने शेजारीण बाईंजवळ एक कागद दिला. कोणत्या वनात, कोणत्या मुक्कामस्थानी, कोणत्या तारखेपर्यंत राहणार आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत परत आलो नाही तर कोणाला कळवावयाचे, हे सारे त्यावर लिहिले होते. जेथे मोबाईल चालत नाही, तेथे असा कागदच उपयोगी पडतो.

दिवसभर प्रवास करून मंडळी सरोवराकाठी पोहोचली. मुलांनी तंबू उभारला तो पहिल्याच प्रयत्नात. दुसऱ्या दिवशी फिरता फिरता त्यांना मुक्कामस्थानाजवळच एक दगडी पडीक वास्तू दिसली. ती लोखंड गाळण्याची जुनी भट्टी होती. १८७० साली ती पेटली. भट्टीसाठी कोळसा हवा म्हणून आसपासची झाडे तोडून जाळली जात. भट्टीजवळ ओनोटा नावाचे गाव वसले होते. १८७७ साली आग लागली आणि ते गाव भस्मसात झाले. भट्टीही कायमची थंडावली. ह्याच काळात आणि पुढे काही दशके मिशिगनमधील उंच उंच पाइन वृक्ष तोडले जात होते. विसावे शतक उजाडून थोडी वर्षे झाली, तेव्हा मैलोगणती नुसती बुंधेच उरली होती. ती उजाड जमीन सरकारने हाती घेतली आणि १९३१ साली हायवाथा राष्ट्रीय वनाची स्थापना झाली.

त्या वेळी अमेरिकेत भयंकर मंदी होती. लाखो तरुण बेकार होते. १९३३ साली सरकारने अशा तरुणांचे एक संरक्षक दल उभारले. महिना तीस डॉलर वेतन. त्यातील बहुतेक रक्कम घरी आईबापांकडे पाठविली जाई. हे तरुण अरण्यात छावण्या करून राहत. त्यांनी देशभर सुमारे तीनशे कोटी रोपे लावली, रस्ते बांधले, आगी विझविल्या आणि लोकांसाठी मुक्कामस्थानेही तयार केली. आज राष्ट्रीय वनांत जेथे गर्द सावली दिसते, तेथे पुष्कळ ठिकाणी ती ह्या भुकेल्या तरुणांच्या घामाची आहे. अरण्य उजाड करावयास काही वर्षे पुरतात. ते पुन्हा उभे करावयास माणसाचे सबंध आयुष्य लागते.

भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या मुलाने एकदा त्या दगडांकडे आणि एकदा सभोवतीच्या झाडांकडे पाहिले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मुक्कामात प्रत्येकाला काम वाटून दिलेले होते. भांडी घासावयाची ती सरोवरात नव्हे. पाणी बादलीत घेऊन काठापासून सुमारे साठ मीटर दूर. साबणाचे पाणी सरोवरात गेले तर त्यातील जीवांना अपाय होतो. खरकटे उकिरड्यासारखे झाडीत फेकावयाचे नाही. ते पिशवीत भरून ठेवावयाचे. रात्री मोठ्याने गाणी लावावयाची नाहीत, कारण शेजारच्या तंबूतील माणसे आणि झाडांवरची पाखरे दोघांनाही विश्रांती हवी असते.

तिसऱ्या रात्री शेकोटीभोवती सर्व जण बसले होते. आकाशात इतके तारे होते की शहरातील मुलांना ते मोजण्याचेही भान राहिले नाही. तेवढ्यात सरोवराकडून वारा सुटला आणि शेकोटीतून ठिणग्या उडू लागल्या. आई उठली व म्हणाली, "पुरे आता. शेकोटी विझवा."

"आणखी थोडाच वेळ, आई! आज शेवटची रात्र आहे," मुलगा विनवू लागला.

"शेवटची आपली आहे, बाळ, अरण्याची व्हावयास नको," आई म्हणाली.

मुलाने बादलीभर पाणी ओतले. चर्र असा आवाज झाला, वाफ उठली आणि अंधार झाला. "विझली!" असे म्हणून तो वळला. वडिलांनी त्याला थांबविले व फावड्याने राख ढवळावयास सांगितली. खालून लाल निखारे डोळे वटारून पाहू लागले. त्याने दुसरी बादली ओतली, पुन्हा ढवळले. मग वडिलांच्या सांगण्यावरून त्याने हाताची पालथी बाजू राखेजवळ धरली. ऊब अजून होतीच. तिसरी बादली ओतल्यावर राख पूर्ण थंड लागली. पाणी ओतावे, ढवळावे, हात जवळ धरून पाहावे आणि ऊब लागल्यास पुन्हा पाणी ओतावे, हीच शेकोटी विझविण्याची योग्य रीत आहे. वरून विझलेला विस्तव वाळलेल्या पाल्यात आणि मुळांत आतल्या आत धुमसत राहू शकतो आणि माणसे निघून गेल्यावर भडकतो. अमेरिकेत लागणाऱ्या दर दहा वणव्यांपैकी आठांहून अधिक वणवे माणसांच्या हातून लागतात. म्हणूनच तेथील वनखाते १९४४ सालापासून टोपी घातलेल्या एका अस्वलाचे चित्र लावून लहानथोरांस सावध करीत आले आहे. १९५० साली न्यू मेक्सिकोमधील एका वणव्यात पाय भाजलेले अस्वलाचे एक पिलू सापडले. त्याला त्या चित्रातील अस्वलाचेच स्मोकी हे नाव मिळाले. ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात वाढले आणि १९७६ साली मरेपर्यंत हजारो मुलांनी त्याला पाहिले.

शुक्रवारी सकाळी तंबू उतरला. मुलीने तंबूच्या मेखा मोजून पिशवीत भरल्या. मग चौघेही एका ओळीत उभे राहिले आणि सारी जागा पायाखाली घालून कागदाचा कपटा, दोरीचा तुकडा, काडी असे जे सापडेल ते उचलू लागले. एक गंजलेले बाटलीचे टोपण त्यांचे नव्हते. कोणा पूर्वीच्या मुक्कामकऱ्याचे होते. मुलाने तेही उचलून पिशवीत टाकले. मुलीला एक सुंदर रानफूल दिसले होते. ते तिने जवळ जाऊन पाहिले, वहीत त्याचे चित्र काढले आणि फूल देठावरच राहू दिले.

मोटार निघाली तेव्हा त्या जागेवर राहिले होते ते एक मेज, एक लोखंडी कडे आणि त्यातील थंड राख. दुपारी दुसरे कोणी तेथे येईल, त्याला ती जागा जशी ह्यांना मिळाली तशीच, किंबहुना थोडी अधिक स्वच्छ, मिळेल. राष्ट्रीय वन सर्वांचे असते ह्याचा अर्थ ते कोणीही कसेही वापरावे असा नाही. ते प्रत्येकाने आपले समजून सांभाळावे असा आहे. चांगल्या आखणीने आपला मुक्काम सुखाचा होतो हे खरे. परंतु तिचा खरा लाभ मिळतो तो आपल्या मागून येणाऱ्यांना.

अभ्यास

१. साध्या मुक्कामस्थानी कोणत्या सोयी असतात व कोणत्या नसतात?

२. कुटुंबाने ऑगस्ट महिना आणि मधले वार का निवडले?

३. पाच माणसे चार दिवस राहणार असतील, तर किती पाणी न्यावे लागेल?

४. "म्हणजे आपण ह्या मोळीतून रोगच नेत होतो!" असे मुलगा का म्हणाला?

५. आईच्या "शेवटची आपली आहे, बाळ, अरण्याची व्हावयास नको" ह्या उद्गाराचा अर्थ स्पष्ट करा.

६. जुन्या भट्टीची हकिकत आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

७. वाक्यांत उपयोग करा : भीड चेपणे, चटक लागणे, जिवावर बेतणे, भस्मसात होणे.

८. आपल्या वर्गाची दोन दिवसांची सहल ठरली आहे असे समजून, बरोबर न्यावयाच्या वस्तूंची व पाळावयाच्या नियमांची यादी तयार करा.